चंद्रभानजींनी चटका दिला नव्हता

माझ्या डाव्या पायाच्या घोट्याभोवती भाजल्याची खूण आहे. तिथली कातडी फिक्कट, गुळगुळीत आहे, आणि थंडीच्या दिवसांत ती अजून ताणते. ही खूण कशी झाली ते माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझी माय ज्याच्याशी दुसऱ्यांदा संसार मांडायला निघाली होती, त्या चंद्रभान नावाच्या माणसानं मी लहान असताना मला जळत्या लाकडाचा चटका दिला. बायकोला मी हे लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, तिनं विचारलं म्हणून. मुलीला ती सहावी-सातवीत असताना सांगितलं. बल्लारपूरला कागद कारखान्यात माझी उभी नोकरी झाली, तिथे पाळी संपल्यावर नळावर पाय धुताना कोणी विचारलं तर त्यालाही सांगितलं. यातलं काहीच खरं नाही. चंद्रभानजींनी मला चटका दिला नव्हता.

हे आता लिहायला बसलो, त्याला कारण माझी मुलगी सुनंदा. ती आणि जावई वेगळे झाले त्याला चार वर्षं होत आली. नात ओवी आईजवळ चंद्रपूरला राहते आणि शनिवार-रविवार बापाकडे बल्लारपूरला जाते. तिला गाडीनं नेऊन सोडायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पोरगी खिडकीशी बसून दोन्ही घरच्या गोष्टी सांगायची. जावयानं गेल्या हिवाळ्यात दुसरं लग्न केलं आणि सुनंदानं ओवीला पाठवणं बंद केलं. मी म्हटलं, अगं, ती बाई वाईट दिसत नाही. त्यावर सुनंदा म्हणाली, "बाबा, तुम्ही हे बोलता? तुमच्या पायाकडे बघा आधी." मी माझ्या पायाकडे बघितलं आणि गप्प बसलो. त्या दिवसापासून ओवी बापाला भेटलेली नाही. माझं सत्तर वर्षांच्या आसपासचं खोटं अजून काम करतं आहे, आणि आता ते एका आठ वर्षांच्या पोरीच्या वाट्याला आलं आहे. म्हणून हे लिहिणं.

बाचं गाव गोंडपिपरीकडे, नदीच्या अलीकडे. मायचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाला लागून. मी पाच-सहा वर्षांचा असताना दोघांची पंचांसमोर काडीमोड झाली. गवताची एक काडी दोघांनी दोन टोकांनी धरली, मधे मोडली, झालं. का मोडली ते मला आजही नीट माहीत नाही. बा दारू पीत नव्हता, मारत नव्हता. माय कामाला कमी नव्हती. पण ते एकत्र असतानाचं घर मला आठवतं ते आवाजांवरून. पाटा-वरवंट्याचा आवाज, मुसळाचा आवाज, गंज, म्हणजे पातेलं, खाली ठेवल्याचा आवाज, आणि माणसांचा आवाज नाही. बा जेवायला बसला की माय वाढायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. दोन चांगली माणसं एका छपराखाली गुदमरून गेली होती एवढंच मी आता म्हणू शकतो.

काडी मोडल्यावर मात्र ती दोघं बोलायला लागली. वाटणी त्यांनी स्वतःच ठरवली, पंचांना विचारलं नाही. अमावास्येपर्यंतचा अंधाराचा पंधरवडा मी बाकडे, पुनवेपर्यंतचा उजेडाचा पंधरवडा मायकडे. मी थोडा मोठा झाल्यावर बाला विचारलं होतं, असं काऊन? तो म्हणाला, "तिकडं जंगल हाये. रात्री अंगणात उतरलास त उजेड पाहिजे." पावसाळ्यात नदी भरली की डोंगा, म्हणजे लाकडी होडी, आठ-आठ दिवस सुटत नसे, तेव्हा मी बाकडेच अडकून पडायचो. ते दिवस भरून निघावेत म्हणून मोहाचा सगळा हंगाम मायला दिलेला होता. दोन्ही घरी माझी एकेक चड्डी, एकेक सदरा, एकेक थाळी होती. या घरची वस्तू त्या घरी नेली नाही, आणि तिथे काय झालं ते इथे कोणी विचारलं नाही. माझी विधवा आत्या बाच्या घरी असे. तिनं एकदा मला पोटाशी धरून विचारलं, "मायनं काय खाऊ घातलं रे तिकडं? वाळून गेलं पोट्टं." बा गोठ्यातून बाहेर आला. "त्याले नोको विचारू. विचाराचं असन त घाटावर चाल आन तिलेच विचार." आत्या चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण पुन्हा तिनं मला कधी विचारलं नाही.

अदलाबदल घाटावर व्हायची. उन्हाळ्यात अर्धी नदी वाळूतून चालून यायची आणि मधली धार डोंग्यानं ओलांडायची. माय पलीकडून यायची ती डोक्यावर टोपली घेऊन. तिच्यात भात, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी. पावसाळ्याच्या तोंडी बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी. बा नव्या धानाचे पोहे आणायचा. काठाला एक चपटा काळा दगड होता, त्याच्या दोन टोकांना दोघं बसायची आणि मधे मी. जेवताना बोलणं सगळं माझ्याबद्दल. याचा खालचा दात हलते. रात्री खोकलला, अडुळशाचा काढा देल्ला. गुरुजी म्हणत होते गणितात बरा आहे. पायात काटा मोडला व्हता, काढला, पण पाहून घेजो. ती त्याला "बाबूचा बा" म्हणायची, तो तिला "बाबूची माय". कधी कधी माय हसायची. त्या घरात ती हसल्याचं मला आठवत नाही. डोंगा चालवणारा म्हातारा वाट बघून कंटाळायचा आणि वल्ह्यावर टेकून ओरडायचा, "काडी मोडली का नाई मोडली तुमची? का पुन्हा मोडाले बसले?"

बा तोंडातला घास गिळून सांगायचा, "आमची मोडली ना बापा. पोट्ट्याची काऊन मोडाची?"

मोठ्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल. मला मात्र त्या दगडावर बसून एकच वाटायचं. इतकं बोलतात, एका टोपलीतलं खातात, तर एका घरात काऊन राहत नाहीत? आज ना उद्या माय डोंग्यात न बसता आमच्या बैलबंडीत बसेल, असं मी धरून चाललो होतो. कोणाला बोललो नाही. पण दर खेपेला बंडीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरताना मी ते तिघांपुरतं पसरायचो.

मी अकरा वर्षांचा होतो त्या मोहाच्या हंगामात चंद्रभानजी मायच्या गावात येऊ लागले. जंगलात बांबू तोडायच्या टोळीवर ते मुकादम होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. उंच माणूस, चालताना थोडा पुढे वाकून चालायचा, आणि अंगाला ओल्या बांबूचा वास. मामाशी त्यांची ओळख होती. पहाटे आम्ही मोह वेचायला निघालो की तेही त्याच वाटेनं टोळीकडे जात आणि घटकाभर आमच्या झाडाखाली थांबत. मोह सकाळी टपटप गळतो, जाड पानांवर पडला तर आवाज येतो, झाडलेल्या जमिनीवर पडला तर येत नाही. मी चार फुलं टोपलीत टाकून एक तोंडात टाकायचो. "काऊन रे बाबू," ते म्हणायचे, "मोह येचून राह्यला का चरून राह्यला?" माय पदराआड हसायची. त्यांनी मला पातळ कामट्यांची एक छोटी टोपली विणून दिली होती. मी ती घेतली, वापरली नाही.

गावात बोलणं सुरू झालं. चंद्रभानजींनी मामाकडे शब्द टाकला, मायचा पाट लागणार, म्हणजे काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न लागतं तसं साधं लग्न. मामी माझी थट्टा करायची. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिची जीभच तशी होती. "आता कशाचा बाबू? आता तुह्या मायले दुसरा बाबू होईन. तू आपला नदीच्या त्या कडंले बसून पाय."

त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळची गोष्ट. मोहाखाली वाळका पाला पडलेला असतो, तो झाडून ढीग करून पेटवतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात. ढीग वरून पांढरा होतो, थंड दिसतो, आणि आत दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा असतो. अशा ढिगाजवळून जायचं नाही, हे तिकडच्या रांगत्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. चंद्रभानजी आले, मायजवळ उकिडवे बसून काहीतरी बोलले, माय हसली आणि हसतच टोपली घेऊन पलीकडच्या झाडाकडे गेली. मी माझी टोपली फेकली आणि पळत सुटलो. कुठे ते ठरवलं नव्हतं. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत ढिगात गेला.

माय दूरच्या झाडाकडे होती, ते जवळ होते. त्यांनी मला काखेतून उचललं आणि पळत नाल्यावर नेलं. नाल्यात वीतभर पाणी होतं, त्यात माझा पाय धरून बसले, मी चावलो तरी सोडला नाही. मग खांद्यावरचा दुपट्टा ओला करून गुंडाळला आणि मला पाठीवर घेऊन गावाकडे निघाले. मागून माय. वाट मैलभराची. त्या पाठीवर रडता रडता मला झोप लागली. हे लिहिणं सगळ्यात कठीण जातं आहे. त्या पाठीवर मला बरं वाटलं होतं.

पंच बसले ते त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळचं ऊन तापायच्या आधी. कवडूजी नावाचे म्हातारे मुख्य पंच. त्यांच्या अंगणात चिंचेखाली पोती अंथरली होती. पहिल्या घरचं लेकरू असेल तर पाट लागण्याआधी पहिल्या नवऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकायची तिकडे रीत होती, म्हणजे मागून भांडण नको. मी ओसरीवर पाय लांब करून बसलो होतो. पायाला तोच दुपट्टा, हळद लावून पुन्हा बांधलेला. बा पहिल्या डोंग्यानं आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तो आधी माझ्याकडे आला. पायाकडे बघून त्यानं मायकडे पाहिलं, माय म्हणाली, "मोहाखाली भाजला. मागून सांगतो." तेवढ्यात कवडूजींनी हाक मारली आणि बा जाऊन बसला. त्यानं कागद सोडला. आत हिरवं लुगडं होतं.

मी ते लुगडं बघितलं. नवरा बायकोला लुगडं आणतो. बा तिला न्यायला आला होता. इतकी वर्षं मी बंडीत तणीस पसरलं ते खरं झालं होतं. मी दुपट्ट्याचा पाय घेऊन उठायला लागलो.

बा म्हणाला, "बाबूच्या मायच्या पाटासाठी आणलं. माह्याकडून." कोणीतरी हसलं. बानं तिकडे पाहिलं नाही. "माहं काई म्हणणं नाई. बाई चांगली हाये, चंद्रभानजीचं नावही चांगलं ऐकलं. पोरगा जसा जाते-येते तसाच जाईन-येईन. चंद्रभानजी, मी तुमाले एकच मागतो. त्याच्यावर हात उचलू नोका. काई चुकलं त मले निरोप धाडा, मी येऊन पाहीन."

चंद्रभानजींनी हात जोडले. "माहा हात नाई उचलणार, भाऊ."

"झालं त मंग," कवडूजी म्हणाले. "कोणाचं काई म्हणणं असन त आताच सांगा. मागून गुणगुण नोको."

हे विचारायचं म्हणून विचारतात. कोणी बोलत नाही. मी ओसरीवरून बोललो. "ह्यानं मले चटका देल्ला. जळत्या लाकडानं."

मला वाटलं होतं गलका होईल. झाला नाही. चिंचेवरचे पक्षी ऐकू येत होते. चंद्रभानजी माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, एखादा माणूस आपल्याला हाक मारतो आणि आपण त्याला ओळखत नाही तसं. माय म्हणाली, "बाबू." एवढंच. मी म्हटलं, "माय नव्हती तेव्हा. देल्ला." कवडूजी उठले, माझ्याजवळ आले, दुपट्टा सोडून पाय बघितला आणि पुन्हा बांधला. त्यांना काय कळलं मला माहीत नाही. म्हातारा हुशार होता. जागेवर बसून म्हणाले, "लहान तोंड हाये, मोठी गोष्ट हाये. पोट्ट्या, इकडं ये. बापाच्या डोस्क्यावर हात ठेव आन हेच सांग. मंग पंच मानन."

आमच्याकडे ही शपथ सगळ्यांत जड. खोटी घेतली तर ज्या डोक्यावर हात ठेवला ते डोकं वर्ष काढत नाही. मला हे माहीत होतं. बानं काही न बोलता फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली केली. त्याच्या केसांत फेट्याची रेघ उमटली होती. मी लंगडत गेलो. परत फिरायचं तर तेवढ्यात फिरता आलं असतं, सहा-सात पावलं होती. मी हात उचलला. मी तो ठेवला असता. इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं की ठेवला नसता, पण ठेवला असता.

"थांबा," माय म्हणाली. ती उभी राहिली होती. "पोरगा खरं बोलते. मले माहीत व्हतं. मीच झाकलं."

चंद्रभानजींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या अजून वर असलेल्या हाताकडे, आणि त्याच्याखालच्या बाच्या डोक्याकडे. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते एक शब्द बोलले नाहीत. एखाद्या माणसानं शिव्या दिल्या असत्या, नाल्याची गोष्ट सांगितली असती, दुपट्टा दाखवला असता. ते वाकून आपल्या वहाणा शोधत राहिले, त्या समोरच होत्या. मग पायांत घातल्या आणि निघून गेले. कवडूजींनी पाट मोडला म्हणून सांगितलं, पोरगं बापाबरोबर जाईल आणि पुन्हा या गावात धाडायचं नाही म्हणूनही सांगितलं. मामी तोंडाला पदर लावून रडत होती. लुगडं पोत्यावर तसंच पडलं होतं.

त्या माणसाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मला थोडकंच माहीत आहे. लेकराला चटके देणारा म्हणून आसपासच्या गावांत नाव झालं. मुकादमी गेली. ते सिरोंचाकडे बांबूच्या कामावर गेले असं मामानं पुढे सांगितलं. मी कारखान्यात लागलो तेव्हा तिकडून बांबूचे ट्रक यायचे. फाटकाजवळ मी ड्रायव्हरांना विचारायचो, चंद्रभान नावाचे उंच गृहस्थ, थोडे वाकून चालणारे, माहीत आहेत का? एवढं विचारून मी काय करणार होतो कोण जाणे. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, हो, होते, मागल्या साली गेले. मी घरी आलो आणि पोटभर जेवलो. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पहिलं पाप अकरा वर्षांच्या पोराचं म्हणून कोणी माफ करील. हे दुसरं बत्तीस वर्षांच्या माणसाचं होतं.

मायला पुन्हा कोणी विचारलं नाही. ती भावाच्या घरी राहिली, मोह वेचत, तेंदूपत्त्याचे पुडे बांधत, आणि म्हातारपणी माझ्या क्वार्टरमध्ये आली. बा गावाहून तिला भेटायला यायचा, म्हणजे मला भेटायला यायचा, आणि दोघं पायरीवर दोन टोकांना बसून माझ्या रक्तदाबाबद्दल बोलायची. बा गेला तेव्हा माय म्हणाली, "चांगला माणूस व्हता. माह्याजोगता नव्हता." पुढच्या वर्षी तीही गेली. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणीही मला काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. सुनंदा, तुला वाटेल मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं. त्यांनी विचारलं नाही याचं कारण मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं, आणि ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

पंच उठल्यावर बा, माय आणि मी नदीकडे निघालो. माझा पाय टेकत नव्हता, म्हणून बानं मला उचललं होतं. मायनं यायची गरज नव्हती, ती आली. तिघं एका डोंग्यात बसलो ती पहिली आणि शेवटची वेळ. म्हातारा डोंगेवाला थट्टा करायला तोंड उघडणार होता, पण आमच्याकडे बघून गप्प वल्हवत राहिला. अलीकडच्या काठाला बाची बंडी उभी होती, बैल सावलीत बांधलेले. बानं मला तणसावर निजवलं आणि तोंडावर ऊन येऊ नये म्हणून फेटा सोडून वरून बांधला. मी डोळे मिटले. ती दोघं बंडीच्या चाकाशी बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर. आज टोपली नव्हती, जेवण नव्हतं. बराच वेळ नुसते बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत राहिले.

मग बा म्हणाला, "कवडूजीनं दुपट्टा सोडला तेव्हा मी पाह्यलं. चटका घोट्याभवती गोल फिरला हाये. लाकडाचा तसा नसते बसत. पाय राखेत गेला व्हता."

"व्हय," माय म्हणाली.

"तुह्यासमोर?"

"मी पलीकडल्या झाडाखाली व्हती. त्यानंच उचलून नाल्यावर नेलं. त्याचाच दुपट्टा बांधला हाये."

बा म्हणाला, "मंग काऊन म्हणली खरं बोलते म्हणून?"

"हात उचलला व्हता त्यानं. तू खाली पाहून राह्यला व्हता, तुले नाई दिसलं. ठेवला असता."

"ठेवला असता त मी का मरून जात व्हतो?"

"मी का म्हणून राह्यली तू मेला असता म्हणून? तुले पुढच्या साली ताप आला असता, नाईतर बैलानं मारलं असतं. माणसाले काईतरी होतेच. पण त्याले वाटलं असतं का त्यानंच मारलं. मंग कोणी कितीही समजावलं असतं तरी?"

बानं एक दगड उचलून वाळूत टाकला. मला तो पडल्याचा आवाज आला. "मी उद्या जातो कवडूजीकडं. सांगतो, लेकरू हाये, बोलून गेलं. चंद्रभानच्या पाया पडतो. तुह्यं मोडाले नाई पाहिजे."

"नोको."

"काऊन नोको? पाप हाये ते. त्या माणसानं काय केलं?"

"काईच नाई केलं." तिचा आवाज तिथे फुटला, आणि तिनं तो सावरेपर्यंत बा थांबला. "माहीत हाये मले पाप हाये. माह्या डोस्क्यावर घेतलं. पण तू सांगितलं त पंचात पोट्ट्याले खोटा म्हणतीन. मंग तो माह्यासमोर नाई उभा राहणार. डोंग्यात नाई बसणार. मले माहीत हाये माहा पोरगा. माणूस त गेलाच. पोरगा तरी येत राह्यला पाहिजे."

"पंचानं त नोको म्हटलं धाडाले."

"मंग?"

"पंचाचं पंचापाशी," बा म्हणाला. "अमावस सरली का मी त्याले घेऊन येतो. तू घाटावर राहजो. गावात नाई नेता आलं त इथीच राहू दिवसभर." थोड्या वेळानं म्हणाला, "त्याले कधी विचाराचं नाई ना मंग?"

"नाई."

"तो सांगन एखाद्या दिवशी."

"सांगन त सांगन," माय म्हणाली. "नाई त नाई."

पलीकडून कोणीतरी डोंग्याला हाक मारली. माय उठली, लुगड्याची वाळू झटकली, आणि बंडीच्या कठड्यावरून आत वाकली. फेट्याच्या कापडातून गाळलेला उजेड माझ्या पापण्यांवर पडला होता, तिची सावली त्यात आली. "बाबू, ऊठ रे. मी जाऊन राह्यली." मी लगेच डोळे उघडले नाहीत. आधी कूस बदलली, मग एक जांभई दिली, मग दोन्ही मुठींनी डोळे चोळले, आणि जड आवाजात विचारलं, "माय, आपण पोचलो का?"

तिनं माझ्या केसांतली तणसाची काडी काढली. "चांगला झोपला व्हता," ती म्हणाली. बा बैल जुंपायला वळला होता, त्यानं मागे पाहिलं नाही.